थांबण्याचा भाव

कनेक्टिकट या अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीतलं न्यू हेवन गाव, साल १७०४. एक माणूस सुरी घ्यायला दुकानात शिरतो. सुरी आहे की नाही, हे दुकानदार सांगतच नाही. आधी विचारतो, "देणं तयार आहे का?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न, "कशात देणार?" त्याचं उत्तर मिळालं की मग सुरीचा भाव ठरतो. खणखणीत चांदी असेल तर सहा पेन्स. धान्य किंवा मांस द्यायचं असेल आणि तेही वसाहतीच्या सभेने त्या वर्षी ठरवून दिलेल्या दराने, तर बारा पेन्स. तेच धान्य सभेच्या दरापेक्षा एक तृतीयांशाने स्वस्त लावून दिलं तर आठ. चौथा प्रकार विश्वासाचा, म्हणजे उधारीचा. त्याला ठरीव भावच नाही. जशी मुदत, तसा सौदा.

हे टिपून ठेवलं सारा केंबल नाइट या अडतीस वर्षांच्या बाईंनी. एका नातेवाइकाच्या मालमत्तेचं काम मिटवायला त्या बॉस्टनहून घोड्यावर निघाल्या होत्या आणि वाटेत जे दिसेल ते रोजनिशीत उतरवत होत्या. नद्या, खानावळी, वाईट जेवण, सगळं त्यात आहे. पण मी पुन्हा पुन्हा वाचतो ते या सुरीचं पान. सुरी तीच, पोलाद तेच, मूठ तीच. बदलतं ते एवढंच, की दुकानदाराला किती थांबावं लागणार आणि थांबून जे हातात येईल ते पुढे कुठे खपणार.

माझे आजोबा बार्शीच्या भुसार पेठेत एका अडत दुकानावर दिवाणजी होते. त्यांच्या मांडीला मांडी लावून बसून मी जे पहिले शब्द वाचायला शिकलो, ते 'जमा' आणि 'नावे'. लाल कापडाच्या बांधणीची लांबुडकी वही, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, म्हणजे त्या माणसाचं देणं. पेरणीच्या तोंडावर शेतकरी उचल न्यायचा. सुगी झाली की माल घेऊन त्याच दुकानात यायचा, कारण उचल तिथली. मग तोलाई, हमाली, अडत आणि उचल वजा होऊन पट्टी हातात पडायची. कितीतरी जणांच्या पट्टीवर शेवटी उरायचं ते पुन्हा नावेच. आजोबा तो शेवटचा आकडा कधी मोठ्याने वाचत नसत. वही फिरवून समोरच्याच्या पुढ्यात धरत, आकड्याखाली बोट ठेवत आणि गप्प राहत. वाचता येणाऱ्याच्या पुढ्यातही धरत, न येणाऱ्याच्याही. समोरचा मान हलवेपर्यंत ते बोट तिथून हलायचं नाही.

मुलीच्या नोकरीमुळे फिलाडेल्फियाला जाणं होऊ लागलं, तेव्हा मला त्या शहरात सगळ्यात आधी बघायच्या होत्या त्या वह्या. लोकस्ट स्ट्रीटवरच्या हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ पेनसिल्व्हेनियाने अठराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांची दप्तरं जपून ठेवली आहेत: हिशेबाच्या वह्या आणि धाडलेल्या पत्रांच्या नकला. त्या काळी नीट दुकानदारी करणाऱ्याच्या तीन वह्या असत. घाईघाईत जे घडेल ते लिहायची कच्ची वही, मग रोजकीर्द म्हणजे तारीखवार नोंद, मग खतावणी म्हणजे माणसागणिक खातं. रचना आपल्यासारखीच. फक्त बाजू उलट्या, डावीकडे नावे आणि उजवीकडे जमा. नावे टाकायच्या ओळी 'टू'ने सुरू होतात, जमेच्या 'बाय'ने. टू कापड, टू खिळे, टू मीठ, टू रम. समोर बाय गहू, बाय लोणी, बाय दोन दिवस गाडीकाम. पहिल्या दिवशी माझे डोळे सवयीने जमा डावीकडे शोधत होते आणि तिथे दिसत होतं नुसतं देणं. थोडा वेळ मला सगळा गावच कर्जात बुडाल्यासारखा वाटला.

खरं तर ते फार खोटंही नव्हतं. त्या वसाहतींत नाणं टिकतच नसे. इंग्लंडहून कापड, भांडी, अवजारं, चहा येत राहायचा, आणि हाती आलेली चांदी त्याचं देणं फेडायला समुद्रापार जायची. जे नाणं फिरायचं ते बहुतेक परकं, स्पॅनिश डॉलर आणि पोर्तुगालचं सोनं. हिशेब मात्र पौंड, शिलिंग, पेन्समध्ये, आणि प्रत्येक वसाहतीचं शिलिंग वेगळं. एकच स्पॅनिश डॉलर लंडनमध्ये साडेचार शिलिंगांचा, बॉस्टनमध्ये सहा, फिलाडेल्फियात साडेसात आणि न्यूयॉर्कमध्ये आठ. म्हणजे वहीत जे पौंड लिहिले जात, ते कुणी हातात धरलेले नसत. ती मोजपट्टी होती. प्रत्यक्षात फिरायचा तो गहू, आणि गव्हाची वाट बघणारी उधारी.

गव्हाचा रस्ता मात्र अगदी ठळक होता. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर लँकेस्टर. तिथल्या कसदार रानात जर्मन आणि स्कॉच-आयरिश कुटुंबं गहू पिकवायची. चार-सहा घोड्यांच्या, कापडी छताच्या, मध्यभागी होडीसारख्या खोलगट कोनेस्टोगा गाड्या तो गहू आणि त्याचं पीठ शहराकडे आणायच्या. वाटेत ओढ्यांवर पाणचक्क्या. विल्मिंग्टनजवळच्या ब्रँडीवाइन नदीवर तर गिरण्यांची रांगच होती, आणि गलबत थेट गिरणीच्या दाराशी लागायचं. गव्हाचं माप बुशेल. साठ पौंड वजनाचं एक बुशेल, म्हणजे आपले सत्तावीस किलो. दळून, चाळून पीठ भरायचं पिंपात. एका पिंपात १९६ पौंड, जवळजवळ एकोणनव्वद किलो. पिंपाच्या झाकणावर गिरणीवाल्याची तापल्या लोखंडाने उमटवलेली खूण. निर्यातीच्या पिठाची तपासणी कायद्याने ठरलेली होती. कारण ते पिंप जिथे उघडलं जाणार तिथे गिरणीवाला नसे, व्यापारी नसे. तिथे त्यांच्या वतीने असायची ती झाकणावरची खूण.

आता पैशाचा रस्ता. तो याच्या उलट दिशेने, आणि पुष्कळ सावकाश चालायचा. लंडन, ब्रिस्टल, लिव्हरपूलचे व्यापारी फिलाडेल्फियाच्या आयातदाराला माल द्यायचे तो साधारण बारा महिन्यांच्या उधारीवर. आयातदार तोच माल लँकेस्टरच्या किंवा रेडिंगच्या दुकानदाराला द्यायचा, उधारीवरच. दुकानदार शेतकऱ्याला द्यायचा, सुगीच्या बोलीवर. बारा महिन्यांचं हे थांबणं असं हातोहात खाली उतरायचं आणि शेवटी एका शेतकरणीच्या फडताळातल्या कापडाच्या तुकड्यापाशी येऊन विसावायचं. तिचा गहू उगवून, कापून, मळून, दळून, गलबतात चढून विकला जाईपर्यंत लंडनमधला एक माणूस थांबलेला असायचा. त्याच्या थांबण्याची किंमत त्या कापडाच्या भावात आधीच विणलेली होती. साध्या खात्यावरच्या उधारीला बहुधा वेगळं व्याज लावत नसत, हे वाचून मला आधी भलेपणा वाटला होता. मग ती सुरी आठवली.

पण हा गहू लंडनला जात नव्हता. इंग्लंडमध्ये स्वतःचा गहू होता आणि बाहेरच्या धान्याला अडवणारे कायदेही होते. तिथे पिकं बुडाली त्या थोड्या वर्षांत, १७६०च्या दशकाच्या उत्तरार्धात, ते दार किलकिलं झालं, तेवढंच. एरवी फिलाडेल्फियाचं पीठ जायचं लिस्बन आणि काडिझला, आणि त्याहूनही नेमाने कॅरिबियन बेटांवर: जमैका, बार्बाडोस, अँटिग्वा. ही बेटं पार किनाऱ्यापर्यंत उसाने भरलेली. इतकी, की खायचं धान्य पिकवायला जमीन सोडणं मळेवाल्यांना परवडेना. उसात राबणारे लाखो आफ्रिकी गुलाम, त्यांचे मालक, बंदरातले खलाशी, या सगळ्यांचं खाणंपिणं बऱ्याच अंशी बाहेरून यायचं. पेनसिल्व्हेनियाचं पीठ आणि जहाजी बिस्किटं, न्यू इंग्लंडचे खारवलेले मासे. बदल्यात साखर, काकवी, रम, आणि लंडनवर काढलेल्या हुंड्या.

हुंडी हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण तिच्या अंगाखांद्याची ओळख मला आजोबांकडून झाली आणि या कागदाला दुसरं नाव देववत नाही. जमैकाच्या मळेवाल्याची साखर लंडनमधल्या अडत्याकडे गेलेली असे. पिठाचे पैसे चुकवायला मळेवाला त्या अडत्याच्या नावे चिठ्ठी लिहायचा: ही पहिली प्रत दाखवल्यापासून साठ दिवसांनी अमक्याला इतके पौंड द्यावेत, दुसरी आणि तिसरी प्रत चुकती झालेली नसल्यास. प्रती तीन-चार असायच्या आणि वेगवेगळ्या जहाजांनी धाडायच्या. एखादं जहाज बुडालं, एखादं शत्रूने पकडलं, तरी एक तरी प्रत पोचावी. आपल्याकडे हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत, पेठ; पेठही हरवली तर तिसरी, परपेठ. हजारो कोस दूर असलेल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन व्यापारी जगांना एकाच भीतीतून एकच उपाय सुचला, याचा मला आजही आनंद होतो.

फिलाडेल्फियाचा व्यापारी ती हुंडी पाठीमागे सही करून आपल्या लंडनच्या सावकाराला धाडायचा. अशा रीतीने लँकेस्टरचा गहू जमैकाच्या उसातून जाऊन लंडनचं कापडाचं देणं फेडायचा. हुंडी तिकडे सकारली गेली तर गंगेत घोडं न्हालं. नाकारली गेली तर कागदावर तसा शेरा मारून ती परत यायची, खर्च आणि नुकसानभरपाईसकट. ती ज्याच्या ज्याच्या हातातून गेली, त्या प्रत्येकाच्या सहीला मग जाग यायची. जहाजाला महिना-दोन महिने जायला, तितकेच यायला. आपण वर्षभरापूर्वी घेतलेला कागद खरा की खोटा, हे आज कळायचं.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण या व्यापारावर लिहिणारे पुष्कळदा त्या बेटांवरून घाईने पुढे सरकतात. वहीत बेट म्हणजे एक नाव आणि एक आकडा. पण पिठाचं पिंप तिथे कुठेतरी फोडलं जात होतं. चांगलं पीठ मालकाच्या टेबलावर, हलकं आणि जुनं खाली. सगळ्या साखळीत प्रत्येकाला कुणीतरी मुदत देत होतं: लंडन फिलाडेल्फियाला, फिलाडेल्फिया लँकेस्टरला, दुकानदार शेतकऱ्याला, मळेवाल्याला त्याचा लंडनचा अडत्या. उसाच्या फडात उभ्या असलेल्या माणसाला मात्र कुणी मुदत देत नव्हतं, कारण त्याच्या नावाचं खातंच नव्हतं. तो वहीत असलाच तर मालाच्या बाजूला, किमतीसकट. फ्रंट आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १७५४ साली विल्यम ब्रॅडफर्ड या छापखानेवाल्याने लंडन कॉफी हाउस उघडलं. शहरातले व्यापारी तिथे जमायचे. जहाज कधी आलं, लिस्बनला भाव काय, कुणाची हुंडी परतली, सगळं तिथे कळायचं. त्याच दारासमोर माणसांचे लिलाव व्हायचे. मी त्या कोपऱ्यावर उभा राहिलो तेव्हा जवळून बस जात होत्या आणि नदीकडून वारा येत होता. पिठाचा भाव आणि माणसाचा भाव एकाच पायरीवर पुकारला जात होता, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या फरसबंदीवर पाय रोवून उभं राहणं वेगळं. त्या दिवशी मी वाचनालयात गेलोच नाही.

पत टिकवणं हा या लोकांचा चोवीस तासांचा धंदा होता. बेंजामिन फ्रँकलिन फिलाडेल्फियात छपाईचं दुकान चालवत होता तेव्हा कागदाचे गठ्ठे स्वतः ढकलगाडीवर घालून भर रस्त्यातून न्यायचा, लोकांनी बघावं म्हणून. हे त्यानेच सांगून ठेवलंय. तरुण कारागिराला १७४८ साली दिलेल्या त्याच्या सल्ल्यात वेळ म्हणजे पैसा हे वाक्य आहे आणि लगेच पुढे पत म्हणजे पैसा हेही आहे. पहिलं जगभर झालं, दुसरं मागे पडलं. पहाटे पाचला किंवा रात्री नऊला तुझ्या हातोड्याचा आवाज सावकाराच्या कानी गेला, तर तो आणखी सहा महिने निश्चिंत राहील, असं तो लिहितो. मला हे वाक्य फार खोल वाटतं. हातोड्याच्या एका ठोक्याने सहा महिने विकत मिळत होते. आणि सावकार रात्री नऊला कान देऊन ऐकत होता, हेही त्यातच आलं. क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांची तर त्यांची धर्मसभाच झाडाझडती घ्यायची. कुणाचं देणं थकलं तर सभेतली जाणती माणसं घरी जाऊन वह्या बघायची, समजावायची, आणि बेपर्वाई दिसली तर पंथातून नाव कमी व्हायचं. त्यामुळे क्वेकराची सही लांबच्या बंदरातही चालायची.

व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टन नावाचा एक जमीनदार या साखळीच्या दोन्ही टोकांना अडकलेला होता. त्याची तंबाखू लंडनच्या रॉबर्ट केरी कंपनीकडे जायची आणि तिकडून कपडे, बग्गी, दारू, खुर्च्या यायच्या. १७६४पर्यंत देणं अठराशे पौंड स्टर्लिंगच्या घरात गेलं आणि कंपनीने तगादा लावला. त्याचं उत्तर वाचण्यासारखं आहे. वाईट हंगामांनी आणि दुर्दैवाने हे झालं, माझ्या गैरवागणुकीने नाही, असं तो कळवतो. दुखावलेला आहे हे ओळीओळीत जाणवतं. पुढे हाच माणूस राष्ट्राध्यक्ष होणार म्हणून मी ते पत्र वाचत नाही. बार्शीच्या ओट्यावर वही पुढ्यात आल्यावर हेच बोलणारे कितीतरी आवाज मी ऐकले आहेत. पाऊस नाही झाला, दिवाणजी.

वॉशिंग्टनने मग तंबाखू सोडून गहू धरला. अलेक्झांड्रियाच्या कार्लाइल आणि अ‍ॅडम या व्यापाऱ्यांशी त्याने बरीच वर्षं गहू देण्याचा करार केला, आणि लवकरच दोघांचं बिनसलं. कशावरून? बुशेलच्या वजनावरून. व्यापारी म्हणायचे गहू हलका भरतो, आणि वॉशिंग्टन पानंच्या पानं लिहून आपल्या मापाची बाजू मांडायचा. माप मोठं की वजन मोठं, हा तंटा ज्याने भुसार बाजारात आयुष्य काढलं त्याला समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे त्याचं नाव कडता. माल ओला, माल हलका, खडा-माती फार, म्हणून पोत्यामागे काढून घ्यायचं ते. काही वर्षांनी वॉशिंग्टनने स्वतःची नवी गिरणी उभारली आणि पिठाच्या पिंपावर स्वतःच्या नावाची खूण टाकली. १७९१मध्ये त्याच गिरणीत ऑलिव्हर इव्हान्सची नवी यंत्रणा बसली, धान्य आपोआप वर चढवणारी, पीठ आपोआप वाळवून चाळणीकडे नेणारी. गव्हाला माणसाचा हात कमी लागावा असं ते यंत्र. शेतात मात्र हात तेच होते, त्याच्या गुलामांचे.

ही उधारीची साखळी एका टोकाला ओढली की कशी सगळी ताणली जाते, ते जून १७७२मध्ये दिसलं. लंडनचा अलेक्झांडर फोर्डाइस हा पेढीवाला सट्ट्यात बुडाला आणि फ्रान्सला पळाला. त्याच्या पेढीमागे स्कॉटलंडची मोठी आयर बँक गेली. मग प्रत्येकजण आपल्या खालच्याकडे बोट दाखवू लागला. लंडनची पत्रं अमेरिकेत पोचली ती एकाच सुरात: फेडा. ज्या शेतकऱ्याने फोर्डाइसचं नावही ऐकलं नव्हतं, त्याच्यावर कोर्टात दावे लागले. पुढच्या चार वर्षांत ब्रिटनशी जे भांडण पेटलं त्यामागे या कर्जाची धग किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. मला एवढंच दिसतं, की थांबा म्हणायचा हक्क समुद्राच्या एकाच काठावर होता.

आणि आता रॉबर्ट मॉरिस. हा लेख मी खरं तर त्याच्यासाठी लिहायला घेतला.

लिव्हरपूलमध्ये १७३४ साली जन्मलेला हा मुलगा तेराव्या वर्षी वडिलांकडे मेरीलँडमधल्या ऑक्सफर्ड बंदरात आला. वडील लिव्हरपूलच्या एका पेढीचे तंबाखूचे अडते. त्यांच्याविषयी असं नोंदलेलं आहे, की खाती इतके रतल तंबाखू, इतके गॅलन अशी न ठेवता पैशांत ठेवायची रीत त्या भागात त्यांनी आणली. १७५०मध्ये एका जहाजाने त्यांच्या सन्मानार्थ तोफ उडवली, तिच्यातला बोळा त्यांना लागला, जखम चिघळली आणि ते गेले. मुलगा तोवर फिलाडेल्फियात चार्ल्स विलिंगच्या पेढीवर उमेदवारी करत होता. १७५७मध्ये मालकाचा मुलगा थॉमस विलिंग याने त्याला भागीदार करून घेतलं. विलिंग आणि मॉरिसची गलबतं पीठ घेऊन बेटांकडे आणि दक्षिण युरोपकडे जायची. गुलामांच्या विक्रीच्या जाहिरातीही या पेढीने दिल्या आहेत. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं मला बरोबर वाटत नाही.

स्वातंत्र्ययुद्धात हा माणूस दोनदा पिठापाशी येऊन उभा राहिला. १७७९मध्ये नव्या राष्ट्राचे कागदी डॉलर इतके घसरले होते की फिलाडेल्फियात पावाचा भाव रोज चढत होता. शहराला साठेबाजीचा संशय व्यापाऱ्यांवर, आणि त्यात मॉरिसचं नाव सगळ्यात पुढे. ऑक्टोबरात चिडलेल्या लोकसैनिकांनी वॉलनट स्ट्रीटवरच्या जेम्स विल्सन या वकिलाच्या घराला घेराव घातला. मॉरिस आत होता. गोळ्या चालल्या, माणसं मेली. सैनिकांच्या बाजूने विचार केला तर त्यांचा राग मला पूर्णपणे समजतो. ते लढत होते आणि त्यांच्या घरी पीठ नव्हतं.

दोन वर्षांनी, १७८१च्या मे महिन्यात, आता सरसेनापती असलेल्या वॉशिंग्टनच्या फौजेकडेच पीठ उरलं नाही. तिजोरी रिकामी, सरकारच्या कागदावर कुणी पोतंभर धान्य देईना. काँग्रेसने, म्हणजे नव्या राष्ट्राच्या सभेने, मॉरिसला अर्थव्यवस्थेचा प्रमुख नेमलं होतं. त्याने न्यू जर्सीच्या थॉमस लाउरीला आणि न्यूयॉर्कच्या फिलिप स्कायलरला पत्रं लिहिली: प्रत्येकी हजार पिंपं पीठ उचला आणि छावणीकडे रवाना करा. पैशांसाठी मला सरकारी माणूस समजा किंवा खाजगी, तुमचं देणं मी रोख नाण्यात चुकतं करीन. पीठ निघालं. मी हा प्रसंग कितीही वेळा वाचला तरी अंगावर काटा येतो. एका देशाच्या शब्दावर जे मिळत नव्हतं ते एका पीठ-व्यापाऱ्याच्या शब्दावर मिळालं, कारण गिरणीवाल्यांनी तो शब्द वीस-पंचवीस वर्षं वटताना पाहिला होता. पुढे त्याच्या सहीच्या चिठ्ठ्याच चलनासारख्या फिरू लागल्या. जानेवारी १७८२मध्ये बँक ऑफ नॉर्थ अमेरिका उघडली, अध्यक्ष थॉमस विलिंग.

मग त्याला जमिनीची भूल पडली. पीठ सोडून लाखो एकर रान, सगळं उधारीवर, नवीन माणसं येऊन विकत घेतील या भरवशावर. माणसं त्या वेगाने आली नाहीत. भागीदारांनी एकमेकांच्या चिठ्ठ्यांवर सह्या केल्या होत्या आणि त्या चिठ्ठ्या बाजारात रुपयाला दोन-तीन आणे अशा भावाने फिरू लागल्या. सावकारांनी गावाबाहेरच्या त्याच्या घराला वेढा घातला. फेब्रुवारी १७९८मध्ये तो प्रून स्ट्रीटच्या कर्जदारांच्या तुरुंगात गेला. त्या वर्षी शहरात पिवळा ताप होता, तुरुंगातही माणसं मरत होती. वॉशिंग्टन फिलाडेल्फियाला आला तेव्हा त्याला भेटायला आत गेला आणि त्याच्याबरोबर जेवला. ज्याच्या फौजेला याने पीठ पुरवलं, तो याच्या कोठडीत जेवायला बसला. ते काय बोलले असतील, याचा विचार मी मुलीच्या घरी झोपताना किती रात्री केला असेल. वॉशिंग्टनला केरी कंपनीला लिहिलेलं ते पत्र आठवलं असेल का? दुर्दैवाने झालं, गैरवागणुकीने नाही.

१८००च्या नव्या दिवाळखोरी कायद्याच्या आधारे मॉरिस पुढच्या वर्षी सुटला, तेव्हा सिद्ध झालेलं देणं तीस लाख डॉलरच्या आसपास होतं. १८०६मध्ये तो गेला. मृत्युपत्र छोटंसं आहे, कारण वाटायला काही उरलं नव्हतं. प्रामाणिक कष्टाने मिळवलेली मोठी दौलत गेल्याचा खेद त्यात आहे. आणि मुलाच्या नावे एक सोन्याचं घड्याळ आहे. हे माझ्या वडिलांचं होतं, ते गेले तेव्हा माझ्याकडे आलं आणि तेव्हापासून मी ते जपून ठेवलं आहे, असं त्याने त्यात लिहिलं आहे.